सोळाव्या वर्षी बायबलचा पेपर

महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला की मूल कॉलेजात जाते. 1975 साली दहा-अधिक-दोनचा आकृतिबंध आला, अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय म्हणू लागले आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले एकदम कॉलेजच्या रजिस्टरवर आली. या वयात आपण त्यांच्याकडून कशाकशाची अपेक्षा करतो ते पाहण्यासारखे आहे. कॅल्क्युलस, सेंद्रिय रसायन, भागीदारी संस्थेचे हिशेब, शीतयुद्धाचे राजकारण हे सगळे त्यांना झेपेल असे धरूनच पुस्तके लिहिली जातात. धर्माच्या बाबतीत मात्र आपला हिशेब उलटा चालतो. वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरातले मूल घ्या. शब्बाथशाळेत त्याने सुवर्णवचने पाठ केलेली असतात, नाताळच्या नाटकात ते मेंढपाळ झालेले असते, सुट्टीतल्या बायबल शाळेत कृतिगीते म्हटलेली असतात. दहावीनंतर हे सगळे थांबते आणि त्याच्या जागी दुसरे काही येत नाही. उरतो रविवारचा उपदेश, आणि उपदेश चालू असताना हात वर करून प्रश्न विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणजे पदार्थविज्ञान बारावीचे आणि देवाविषयीचे ज्ञान चौथीचे, अशी जोडी घेऊन हे मूल अठराव्या वर्षी घराबाहेर पडते. धर्माचा कॉलेजच्या दर्जाचा अभ्यास, म्हणजे मूळ ग्रंथ, इतिहास, मतभेद आणि परीक्षा यांसकट केलेला अभ्यास, पदवीपर्यंत लांबवू नये. तो याच दोन वर्षांत सुरू व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत हायस्कुलातली मुले शाळा चालू असतानाच कॉलेजचे काही विषय घेतात आणि त्यांचे श्रेयांक पुढे पदवीत धरले जातात. मिनेसोटा राज्याने 1985 मध्ये त्यासाठी सरकारी खर्चाची योजना काढली आणि पुढे इतर राज्येही त्या वाटेने गेली. तिथली ख्रिस्ती कॉलेजे यात उत्साहाने उतरली आहेत. त्यांच्या जाहिरातींत फायदे सांगितले जातात ते साधारणपणे पैशाचे आणि वेळेचे: फी वाचते, पदवी लवकर हाती पडते, कॉलेजची सवय होते. आपल्याकडे या फायद्यांना फारसा अर्थ नाही. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळेचे आणि उच्च शिक्षणाचे श्रेयांक एकाच खात्यात जमा करण्याची तरतूद कागदावर केली आहे खरी. पण मालेगाव किंवा मानोऱ्याच्या मुलाने बायबलचा एक विषय आधी उरकला म्हणून त्याच्या बी.एस्सी.चे एक वर्ष कमी होणार नाही. तेव्हा फीची आकडेमोड बाजूला ठेवलेली बरी. उपक्रमाचे मोल त्याने वाचवलेल्या रुपयांवर ठरणार असेल, तर वाशिममध्ये तो सुरू करण्याचे काही कारण नाही. त्याचे खरे मोल वयात आहे, आणि ते तपासायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही.

वाशिमचे ख्रिस्ती जीवन प्रामुख्याने नाझरीन मंडळीभोवती वाढले. 1938 मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी इथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले आणि पुढे त्याला परिचारिका प्रशिक्षणाची जोड मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मुली जेमतेम बारावीच्या वयात शरीरशास्त्र आणि औषधांची मात्रा शिकल्या, रात्रपाळीत दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेऊ लागल्या. या वयाला गंभीर अभ्यास झेपत नाही असे तिथे कोणी म्हटले नाही. ईश्वरविज्ञानाचे गणित मात्र वेगळेच राहिले. शेजारच्या यवतमाळला 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. वऱ्हाडच्या मातीत देशभरातले विद्यार्थी हिब्रू आणि ग्रीक शिकत होते. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. पण ती इथे असतानाही तिचे दार पाळक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी होते. 1818 साली स्थापन झालेल्या आणि 1827 च्या डॅनिश राजसनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळवलेल्या सेरामपूर कॉलेजच्या परंपरेतही बी.टीएच. बारावीनंतर आणि बी.डी. पदवीनंतर अशीच पायरी आहे. म्हणजे धर्माचा नीट अभ्यास करायचा, तर आधी पाळकाची नोकरी पत्करायचे ठरवावे लागते. जे शिक्षक, नर्स, तलाठी किंवा शेतकरी होणार त्यांच्यासाठी या इमारतीत खोलीच नाही. मंडळीतले नव्याण्णव टक्के लोक याच वर्गातले असतात, हे लक्षात घेतले की व्यवस्थेतला दोष उघड दिसतो.

याच जिल्ह्यात दुसऱ्या एका धर्मसमाजाने हे कोडे शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या रीतीने सोडवले. 1918 साली कारंजा लाड इथे देवचंद शहा यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल काढले. हेच देवचंद पुढे आचार्य समंतभद्र महाराज म्हणून ओळखले गेले आणि 1934 मध्ये त्यांनी कोल्हापूरजवळ बाहुबलीला दुसरे गुरुकुल उभारले. कारंजाची कल्पना साधी होती: मुलाने शाळेचे विषय शिकावेत आणि त्याच दिवसांत, त्याच छपराखाली धर्मग्रंथही अभ्यासावेत. दिगंबर पाठशाळांत ‘द्रव्यसंग्रह’ किंवा ‘तत्त्वार्थसूत्र’ शिकवतात तेव्हा गोष्टी सांगून भागत नाही. जीव म्हणजे काय, कर्म जीवाला चिकटते म्हणजे नेमके काय होते, आस्रव आणि बंध यांत फरक कोणता, हे मुलाला व्याख्येसकट सांगावे लागते. त्यातले बहुतेक विद्यार्थी मुनी झाले नाहीत. दुकाने, शेती, वकिली असल्या उद्योगांत गेले. धर्माचा अभ्यास संन्यासाची पूर्वतयारी म्हणूनच करायचा असतो हा समज कारंजाने मोडला. या गावाला अभ्यासाचे महत्त्व पटायला आणखी एक कारण होते. इथल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या मंदिरांच्या भांडारांत शेकडो हस्तलिखिते पडून होती. ती घरची होती, पूजली जात होती. पण त्यांतल्या अपभ्रंश काव्यांचे मोल जगाला कळले ते अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती संपादून छापली तेव्हा. पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये कारंजाच्याच ग्रंथमालेत आले. ग्रंथ कपाटात असला म्हणून तो आपल्याला कळला असे होत नाही, याचा याहून जवळचा पुरावा वाशिमकरांना मिळणार नाही.

आता कॉलेजच्या दर्जाचा अभ्यास म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहू. येशूने यरुशलेमेच्या मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून व्यापाऱ्यांना हुसकावले, ही गोष्ट शब्बाथशाळेतल्या प्रत्येक मुलाला येते. चारही शुभवर्तमाने शेजारी शेजारी उघडून ठेवली की गंमत सुरू होते. मत्तयात ही घटना एकविसाव्या अध्यायात आहे, मार्कात अकराव्या, लूकमध्ये एकोणिसाव्या. म्हणजे तिन्ही ठिकाणी वधस्तंभाच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात. योहानात ती दुसऱ्याच अध्यायात, सेवाकार्याच्या आरंभी येते. मग हे दोनदा घडले का? की योहानाने ती मुद्दाम आधी घेतली? घेतली असेल तर कशासाठी? लेखक घटनांचा क्रम आशयासाठी बदलू शकतो का, आणि बदलला तर ग्रंथाची सत्यता कमी होते का? सोळा वर्षांच्या मुलीला हे प्रश्न अवघड नाहीत. इतिहासाच्या तासाला ती दोन बखरींची तुलना करतेच. मंडळीत मात्र हा फरक तिला कोणी दाखवत नाही, आणि एके दिवशी एखादा मित्र मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून ‘बघ, तुमच्या पुस्तकात किती विसंगती आहेत’ म्हणतो तेव्हा तिच्याकडे उत्तर नसते. तसेच उदाहरण जैन घराचे घ्या. महावीरांचा विवाह झाला होता असे श्वेतांबर परंपरा मानते, झालाच नव्हता असे दिगंबर परंपरा सांगते. हा मतभेद अकरावीत कळलेला मुलगा दुसऱ्या परंपरेच्या माणसाशी भांडण्याआधी निदान मुद्दा काय आहे हे जाणतो. ज्या जिल्ह्यात शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला दोन पंथांच्या वादापायी 1981 पासून 2023 पर्यंत कुलूप राहिले, तिथे एवढे जाणणे थोडे नाही.

वयाच्या प्रश्नाकडे वळू. सोळाव्या वर्षी मूल कच्चे असते, कोणाच्याही प्रभावाखाली येते, म्हणून धर्माचा अभ्यास पक्व वयावर सोडावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. राधाकृष्णन आयोगाने 1948-49 मध्ये हा विषय पदवीच्या तीन वर्षांत वाटून दिला होता: पहिल्या वर्षी धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक उतारे, तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मूळ प्रश्न. योजना चांगली होती, पण ती मुळात उशिरा सुरू होत होती आणि पुढे बहुतेक ठिकाणी सुरूच झाली नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र किशोरवयात धर्माच्या वादाला भिडलेल्या मुलांची साक्ष उपलब्ध आहे. 1827 मध्ये जन्मलेले जोतीराव फुले चौदाव्या वर्षी पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले आणि विशीत बाहेर पडले. बेळगावचे बाबा पदमनजी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. तेही मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईच्या फ्री चर्चच्या संस्थेत गेले. दोघांच्याही शाळांत बायबल नेमलेले होते. पदमनजींनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. ते थॉमस पेन वाचत होते, मिशनरींशी मैत्री ठेवत होते, आणि 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. साच्यातून निघालेल्या वस्तू एकसारख्या असतात. ही दोन माणसे एकसारखी निघाली नाहीत. फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकातली कल्पना तर या चर्चेला अगदी लागू आहे: एकाच घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे आणि सगळ्यांनी गोडीने राहावे. यातल्या प्रत्येकाने आधी वाचले आहे, हे विसरता कामा नये.

या साक्षीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा तिथेच आहे. मे 1839 मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई तेव्हा पुरते सतरा वर्षांचेही नसावेत. पारशी समाज कोर्टात गेला, आणि शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनरींकडे राहू लागला. कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा सनातन्यांनी त्यांनाच छळले. शिक्षणाच्या आडून धर्मांतर होते, ही मराठी समाजाची भीती हवेतून आलेली नाही, आणि ती पुसून टाकण्याचा प्रयत्न कोणी करू नये. पण या प्रकरणांचे नीट वाचन केले तर दोष कुठे होता ते सापडते. तिथे शिकवणाराच बाप्तिस्मा देणारा होता. मुलाने अभ्यास केला की त्याने निर्णयही घ्यावा, अशी अपेक्षा वर्गातच वावरत होती. अभ्यास आणि दीक्षा एकाच हातात राहिली की पालकाने मूल काढून नेणे स्वाभाविक आहे. आपल्या राज्यघटनेने ही गाठ ओळखली. कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते द्यायचे तर विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती लागते. 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांची माहिती देणे आणि धर्माची शिकवण देणे यांत फरक केला. अकरावीचे मूल कायद्याने अज्ञान आहे, म्हणून पालकाची लेखी संमती ही इथे केवळ औपचारिकता नव्हे.

मिनेसोटाचे पुढचे प्रकरणही इथे उपयोगी पडते. तिथल्या दोन ख्रिस्ती कॉलेजांनी शाळकरी मुलांना प्रवेश देताना श्रद्धेचे लेखी निवेदन मागितले. 2023 मध्ये राज्याने कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्यांना तशी अट घालायला मनाई केली, आणि पालक व कॉलेजे धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन कोर्टात गेली. कायद्याचा निवाडा त्यांच्याकडे कसाही असो, शिक्षणाच्या दृष्टीने माझे मत स्पष्ट आहे: वर्गात बसण्यासाठी आधी श्रद्धा कबूल करायला लावणारा अभ्यासक्रम किशोरांसाठी वाईट आहे. सोळाव्या वर्षी मुलाची श्रद्धा घडत असते. तिची सही घेऊन ठेवली की तो प्रश्न विचारायला कचरतो, आणि ज्या कारणासाठी हा अभ्यास लवकर सुरू करायचा ते कारणच नाहीसे होते.

आक्षेपाची दुसरी फळी मंडळीच्या आतली आहे. पाळकांना वाटते की मूळ ग्रंथ, प्रतींमधले पाठभेद, टीकाकारांची मते असले काही लवकर दाखवले तर मुलांचा विश्वास डळमळेल. डळमळेल, यात शंका नाही. पण तो पुण्याच्या वसतिगृहात एकट्याने डळमळण्यापेक्षा वाशिममध्ये, प्रश्न ऐकून घेणाऱ्या शिक्षकापुढे डळमळलेला चांगला. शिवाय मराठी ख्रिस्ती परंपरेत जे थोर झाले त्यांची श्रद्धा ऐकीव नव्हती. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो बायबलाशी दीर्घकाळ झुंजल्यावर. पंडिता रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही चर्चच्या शिकवणुकीशी वाद घालत राहिल्या, आणि पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये बाहेर पडले. ते छापले केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकामुलींनी. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली तिथे खिळे जुळवायला शिकल्या आणि धर्मग्रंथाची पाने त्यांच्या हाताखालून गेली. धर्मग्रंथ मुलींच्या हाती इतक्या जवळून द्यावा की नाही, हा प्रश्न रमाबाईंना पडला नाही. आजच्या मंडळ्यांनाही तो पडायचे कारण नाही.

तिसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो आणि तो तत्त्वाचा नसून वेळापत्रकाचा आहे. नीट आणि सीईटीच्या दोन वर्षांत बायबल कुठे बसवायचे? मुलगा लातूरला किंवा नांदेडला क्लासला ठेवलेला, खोलीभाडे चालू, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत टेस्ट सिरीज. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्या मुलांसाठी माझ्याकडे तयार उत्तरही नाही. पण जिल्ह्यातली सगळीच मुले क्लासला जात नाहीत. कला आणि वाणिज्य शाखेची, गावातच राहून शिकणारी मोठी संख्या आहे, आणि त्यांच्या हाताला या दोन वर्षांत बौद्धिक कष्टाचे काम फारसे कोणी देत नाही. आठवड्याचे दोन तास, वर्षाला एक शुभवर्तमान आणि संदेष्ट्यांपैकी एक ग्रंथ, एक निबंध, एक तोंडी परीक्षा. एवढा भार या मुलांना जड नाही. यातून मजकूर बारकाईने वाचायची, पुरावा मागायची आणि विरुद्ध मत धीराने मांडायची सवय लागते. ती पुढे तलाठ्याच्या परीक्षेलाही उपयोगी पडते, कोर्टाच्या आवारातही.

शिकवणारे कोठून आणायचे, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. 1971 पासून बंगळुरूची टाफ्टी ही संस्था नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना घरबसल्या ईश्वरविज्ञान शिकवत आली आहे, म्हणजे सेमिनरीच्या भिंतीबाहेर हा विषय नेण्याची रीत देशात बसलेली आहे. वऱ्हाडातल्या मंडळ्यांत बी.डी. झालेले पाळक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. वर्ग मंडळीच्या किंवा खासगी संस्थेच्या जागेत, शाळेच्या वेळेबाहेर घ्यावा म्हणजे कलम 28 ची अडचण येत नाही. परीक्षक बाहेरचा असावा. शिकवणाऱ्याने त्या मुलांपैकी कोणाचा बाप्तिस्मा किंवा दृढीकरण करू नये. तो अधिकार दुसऱ्या पाळकाकडे असावा. ख्रिस्ती नसलेला विद्यार्थी आला तर पालकांची लेखी संमती घेऊन त्याला बसू द्यावे, आणि उपासनेत सहभाग मागू नये. हीच चौकट पोहरादेवीच्या परिसरातल्या बंजारा मुलांना सेवालाल महाराजांच्या परंपरेसाठी, किंवा बौद्ध मुलांना पाली ग्रंथांसाठी वापरता येईल, आणि त्यांनी ती वापरावी. पण सुरुवात ज्यांच्याकडे शिकवण्याची जुनी सवय आहे त्यांनी करावी. वाशिम आणि कारंजाच्या मंडळ्यांनी येत्या जूनमध्ये अकरावीच्या दहा मुलांचा एक वर्ग काढून पाहावा, आणि वरच्या अटींपैकी एखादी जरी पाळता येणार नसेल तर तो काढूच नये.